पाच पाहुण्यांना पहिला मान

चंदना चौगुलेला राग आला की ती बोलत नसे, हत्यारांना धार लावत बसे. त्या दिवशी मात्र फोन ठेवला आणि ती शाहूपुरीतल्या घराचा जिना उतरून थेट खालच्या भावाच्या दुकानात शिरली.

फोन पूर्णिमाबाईंचा होता. गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात त्या दूध कट्ट्यावरची म्हैस चंदनानं शिसवी फळीवर कोरली होती, तिचे तीसच ठसे काढले होते आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घालून सही केली होती. एकतिसावा निघणार नाही, हा तिचा शब्द. त्या शब्दावर पूर्णिमाबाईंनी पहिला ठसा न बघता घेतला. आता हुपरीत एका ओळखीच्या घरी त्यांना भिंतीवर तीच म्हैस दिसली. खाली आकडाही तोच, १/३०.

"चंदनाताई, तुमच्याकडं पहिल्या म्हशी आहेत तरी किती?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला होता.

"अण्णा, माझ्या फळीवर कुणी छापलं?"

तिचा भाऊ अनेकांत हसला. "मी की! वास्तुशांतीला मानाच्या पाच पावण्यांस्नी किती दिवस टॉवेल-टोपी द्यायची? तुझ्याबरोबर एवढी वर्षं शाई लावलीया मी. सही बी हुबेहूब जमलीया बघ."

"आणि पाचीवर एक नंबर?"

"मग दोन नंबर कुणाला देऊ? तोंड फिरवून बसली असती की माणसं!"

चंदनाची कानशिलं तापली. "डोळ्यांदेखत पिळल्याबिगर दूध न पिणारी माणसं आपण. माझी गिऱ्हाइकं डोळं मिटून घेत्यात, निव्वळ माझ्या शब्दावर. त्यात पाणी घातलंस तू."

"घरचंच चित्र हाय न्हवं?"

"माझं हाय. घरचं न्हाय."

ती वर आली. ठसे संपले की फळीवर आडवा चर मारायचा, म्हणजे पुन्हा कुणाला छापता येत नाही, असा या कामाचा रिवाज. चंदनानं तो मारला नव्हता. म्हशीच्या डोळ्यावर तिचा जीव जडला होता. आता तिनं त्याच डोळ्यातून पटाशी ओढली. राग भावावर होता, तेवढाच स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी ती हुपरीला गेली. पूर्णिमाबाईंना म्हैस दिसली ते घर कल्लाप्पाकाकांचं, वडिलांच्या चुलतभावाचं. घरातच पैंजणांचा कारखाना.

"आहेर परत मागायला आलीस व्हय, चंदे? ही रीत कवापास्नं?"

कारागिरांचे हात थांबले.

"परत नको, काका. खोटा हाय त्यो. खरं लिहायला आलोय."

तिनं चौकट उघडली, आकडा आणि सही खोडली. त्या जागी लिहिलं : 'हा ठसा तिसांतला नाही. माझ्या भावानं काढला. चंदना चौगुले.'

काकांचा चेहरा लाल झाला. "आता ह्ये भिंतीला लावू मी? पाचांत माझाच मान काढलास."

"चौघांचा अजून काढायचा हाय."

काकू चहाचा कप हातातच धरून आत वळल्या.

स्टँडवर बसून चंदनानं तिसाही गिऱ्हाइकांना घडलेलं सगळं लिहिलं, चर मारलेल्या फळीचा फोटो जोडला. पूर्णिमाबाईंचं उत्तर लगेच आलं : 'बाकीचे चार?'

कौतुकाचा एक शब्द नाही. चंदनाचा राग पुन्हा उसळला, या वेळी बाईंवर. दुसरा पाहुणा नृसिंहवाडीला राहत होता. तिनं दात खाल्ले आणि तिकडची एसटी पकडली.