शेंदराखालचं लोखंड

"साहेब, आधी डोळे काढा," पीएसआय मॅडम म्हणाल्या. "पंचनाम्यात त्यांची वेगळी नोंद आहे."

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर नारळाएवढा शेंदराचा गोळा आणि त्याला चिकटवलेले चांदीचे दोन डोळे. पोलीस ठाण्यातली मुद्देमालाची खोली, सकाळचे अकरा, बाहेर दोन रिक्षावाल्यांचं जोरात भांडण चाललेलं. तरीसुद्धा त्या डोळ्यांना चिमटा लावायला माझा हात धजेना.

मी बॅलिस्टिक्सवाला. म्हणजे ही बंदूक कुठली, ही गोळी कुणाची, हे सांगणारा माणूस. सरकारी लॅबमध्ये जन्म गेला, आता खांदा कॉलनीत निवृत्त आहे. देवाधर्माचं मला फारसं काही नाही. पण देवाचे डोळे काढायची वेळ नोकरीत कधी आली नव्हती.

गोळा होता हिराजीबाबांचा. हिराजीबाबा कोळी, सत्तरी ओलांडलेले, बोटाबोटांवर जाळ्याचे वण. उलव्याच्या बाजूचं त्यांचं गाव विमानतळात गेलं आणि घर करंजाड्याला हललं. सामान नेताना देव टेम्पोतून पडला. शेंदराचा टवका उडाला आणि आतून ट्रिगर बाहेर आला! कुणीतरी व्हिडिओ काढला, तो ठाण्यापर्यंत पोचला.

आत होता रिसीव्हर. मधून मोडून काडतुसं भरायची जी बंदूक असते, तिची पुढची नळी आणि मागचा लाकडी दस्ता काढला की मध्ये जो लोखंडी गाभा उरतो, तो. कायद्याला तेवढाही पुरतो. त्यात नाव, नंबर सगळं शेंदराखाली. नंबर कानशीनं घासलेला निघाला तर चोरीचं हत्यार लपवल्याचा आरोप, आणि या वयात बाबांना तुरुंग. कोर्टानं बाहेरच्या तज्ज्ञाचं मत मागवलं, तो मी. तपासणी आरोपीसमोर करायची, असा हुकूम होता. म्हणून बाबा माझ्या पाठीमागे उभे होते.

"खरवडू नका, साहेब," ते म्हणाले. "बा सांगून गेलाय. शेंदूर काढायचा नाय."

"का?"

"आत माजा काका हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, सगळं नीट सांगा."

त्यांनी सांगितलं ते असं. काका रामजी, गावातला एकटा लायसनवाला शिकारी. बाबा आठ वर्षांचे असताना त्यांचा बाप आणि काका होडीनं खाडीत पाखरं मारायला गेले. होडी उलटली. बाप पोहत आला. काका बुडाला, बंदूक हातात धरून. प्रेत मिळालं नाही. वर्षानं बापाच्या जाळ्यात हे लोखंड आलं. बाप म्हणाला, माझा भाव घरी आला. जाळ्यानं आणलेलं माणूस परत पाण्यात टाकत नाहीत, म्हणून ते देवांत बसवलं.

"दर अवसेला बा सोता शेंदूर लावायचा," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचा नाय. आनि लावताना मान वळवून बसायचा. त्याच्या डोल्यात कदी बगितला नाय."

मी डोळे काढले. त्यांच्या खाली बरोब्बर दोन भोकं निघाली. ती भोकं कामाची होती. काडतुसावर आपटणारी पिन तिथून बाहेर येते. दोन भोकं म्हणजे दुनळी.

मग शेंदूर. तेलात मुरलेला, पोळीसारखे पापुद्रे निघत होते. तास गेला. आत ना कंपनीचं नाव, ना शिक्का. नंबर असायला हवा तिथे नुसती खरबरीत जागा.

"घासलाय?" मॅडमनी विचारलं.

मी भिंग लावलं. कानशीच्या रेघा सरळ जातात. गंज वाटेल तसा खातो, वाळवीसारखा. इथे रेघ एकही नव्हती. "खाऱ्या पाण्यानं खाल्लाय. माणसानं नाही."

बाबांनी श्वास सोडलेला मला पाठीला जाणवला.

आता नंबर. आकडा ठोकताना खालचं लोखंडही दबतं. वरचा आकडा गेला तरी तो दाब आत राहतो. त्यावर तेजाब फिरवलं की दबलेली जागा वेगळी दिसते. कधी दिसते, कधी नाही. दिसली तरी क्षणभरच.

मी तेजाबात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवत राहिलो. काही नाही. पुन्हा. आणि मग ओल्या लोखंडातून एक चार वर आला. मग सात. मग आणखी तीन आकडे, एकेक करून. बुडलेलं काहीतरी तळातून वर यावं तसे. पस्तीस वर्षं हे काम केलं, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

"फोटो काढा! लवकर!"

मॅडमनी मोबाइलवर चार फोटो काढले, तोवर आकडे विरलेसुद्धा. बाबांच्या घरच्या पत्र्याच्या डब्यातून काकाचं लायसन्सचं पुस्तक आधीच जप्त झालं होतं. मॅडमनी पान उघडलं. तेच पाच आकडे.

"सुटलात, बाबा," त्या म्हणाल्या.

मी खूश होतो. खूश माणूस जास्त काम करतो. उरलेला शेंदूरही काढून टाकावा म्हणून मी वरच्या खटक्यावरचा थर खरवडला. बंदूक उघडायचा हा खटका. मिटलेल्या बंदुकीत तो मधोमध सरळ असतो. या जातीत नळी काढून घेतली की तो उजवीकडे वळलेला राहतो, नळी परत बसवेपर्यंत. हा उजवीकडे होता आणि तिथेच गंजून बसला होता.

म्हणजे पाण्यात पडली तेव्हा बंदूक नळी काढून खोललेली होती. हातात धरून बुडणारा माणूस बंदूक खोलत नाही.

मला हे कळलं आणि मी भिंग बाजूला ठेवलं. पण पाठीमागून हात पुढे आला. बाबांनी अंगठा त्या खटक्यावर ठेवला.

"काका घरी आला का आदी हा असा सारायचा," ते हळूच म्हणाले. "मंग नली काडायचा. मी पुसायला बसायचो."

"त्यांनीच खोलून पिशवीत ठेवली असेल," मी म्हटलं. स्वतःलाच पटलं नाही.

"बा म्हनायचा, हातात व्हती." बाबांचा अंगठा खटक्यावरच होता. "येवड्या खाडीत येवडासा लोखंड जाल्याला गावला कसा, साहेब? टाकनाऱ्यालाच जागा ठाव. मी जलमभर जाली टाकली. मना कदी सुचलाच नाय."

कागदावरचे दोन डोळे छताकडे बघत होते.

रिपोर्ट दोन पानी झाला. जुनी दुनळी, निकामी, नंबर लायसन्सशी जुळतो, खाडाखोड नाही. कोर्टानं तेवढंच विचारलं होतं. खटक्याची जागा मी निरीक्षणांत एका ओळीत लिहिली, अर्थ लिहिला नाही. केस बंद झाली. निकामी वस्तू घरी न्यायची परवानगीही बाबांना मिळाली.

ते आले नाहीत. महिन्यानं मॅडमनी फोन केला तेव्हा म्हणाले, "डोले तेवडे द्या, आयच्या पैंजनाचे हायेत. त्यो ठेवा तुमच्याकडं. आमी काका म्हनून पुजला. त्यो बाचा भ्या व्हता."

नव्या पोरांना लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, विचारलं तेवढंच तपासा. मला ते नेहमी आळशीपणाचं वाटायचं. आता मी त्यात आपलं एक घालतो: जास्तीचा शेंदूर काढण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघा.