इतर डॉक्टर

आमचे डॉक्टर फोनवर कधी स्वतःचे नाव सांगत नसत. "इतर बोलतोय," एवढेच म्हणत आणि मी ओळखे. मालवणात बंदराच्या वाटेवर माझे इंटरनेटचे दुकान होते. सरकारी दवाखान्यातले हे गृहस्थ दर बुधवारी तिथे येत, ते जगात कोणी आपल्या निबंधाचे नाव घेतले का ते बघायला.

त्या निबंधाची जन्मकथा साधी होती. शिंगाळा माशाचा विषारी काटा पायात गेला की मोठमोठे खलाशी लहान मुलांसारखे रडत. मासळी विकणारी सुलूबाय मेथर त्यांचा पाय सोसवेल तितक्या ऊन पाण्यात बुडवी आणि कळ उतरे. डॉक्टरांनी ते पाहिले, दोन हंगाम नर्सबाईंकडून नोंदी ठेवून घेतल्या आणि निबंध लिहून परदेशी मासिकाला पाठवला. छापून आला तेव्हा पहिले नाव सुलूबायचे, दुसरे नर्सबाईंचे, शेवटचे त्यांचे. "पाणी कोणाचं, नाव त्याचं," ते म्हणाले.

या विद्येतला रिवाज असा, की दुसऱ्याच्या निबंधाचा आधार घेतला तर पहिले नाव लिहायचे आणि बाकीच्यांना 'आणि इतर' म्हणून उरकायचे. त्यामुळे जगभर 'मेथर आणि इतर' झाले. नर्सबाईंची ओरोसला बदली झाल्यावर इतर होण्याचा मान एकट्या डॉक्टरांकडे आला. तो त्यांनी मिरवला.

नवा उल्लेख सापडला की मी कागद छापून देई आणि ते तडक मासळी बाजारात जात. मीही कधी दुकानाचे शटर ओढून मागे जाई.

"सुलूबाय, उचकी लागली का?"

"लागली मा. सकाळीच, बांगडे विकताना. कोणी काढल्यान नाव?"

"ब्राझीलमधल्या एका डॉक्टरनं."

"तेका सांगा, पाणी जास्त ऊन नको. कातडी भाजतली."

मग ते कागदावरचे तिचे नाव बोटाने दाखवत आणि म्हणत, "ही तू. आणि पुढचे हे दोन शब्द, हा मी." सुलूबायला लिहितावाचता येत नव्हते, पण ती दोन ठिकाणे तिला पाठ झाली.

डॉक्टरांना एका संशोधन संस्थेत जायची फार इच्छा होती. आयुष्यात तेवढे एकच त्यांनी मागितले. मुलाखतीला गेले तर समितीने विचारले, हे डॉक्टर मेथर कोणत्या संस्थेत असतात? यांनी खरे ते सांगितले. समितीतल्या एका भल्या माणसाने मागाहून सुचवले, की बाकीचे निबंध किरकोळ आहेत, या एकावर तुमचे नाव पहिले असेल तर काम होईल. मासिकाला दुरुस्तीचे पत्र टाका.

ते पत्र टाइप करायला डॉक्टर माझ्याकडेच आले. पहिलेच वाक्य होते, नजरचुकीने नावांचा क्रम उलटा झाला. मी टाइप करून पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. त्यांनी पडद्यावरचे वाक्य पुन्हा वाचले.

"नजर तर चांगली होती तेव्हा," ते म्हणाले, "खोडा ते."

मला त्यांचा राग आला. इतकी वर्षे ज्याचा ध्यास घेतला ते असे घालवायचे? मी जाऊन सुलूबायला सांगितले. ती पाटी तशीच टाकून दवाखान्यात गेली.

"डाक्टरानू, माझा नाव काढून टाका. माका खंय नोकरी करूक जावचा आसा?"

"आणि ब्राझीलवाल्यानं आठवण काढली, तर उचकी कोणाला लागायची?" त्यांनी विचारले. सुलूबाय हसली, आणि विषय संपला. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

निवृत्तीनंतर ते लेकीकडे नाशिकला गेले आणि वर्षभरात तिकडेच वारले. मला फार वाईट वाटले. पुढच्या बुधवारी सवयीने मी शोधले, तर नवा उल्लेख निघाला. कागद घेऊन बाजारात गेले आणि उचकीचे न विचारताच तो पुढे केला.

सुलूबायने कागद माझ्या हातातून घेतला. आपले नाव सापडल्यावर तिचे ओले बोट पुढे सरकले आणि त्या दोन शब्दांवर थांबले.

"डाक्टर हयसर आसत मा?" ती म्हणाली. "मगे गेले म्हणतत ते खंय?"