फुगामावशीचा डोंगर

निम्मा चढ झाला आणि वन्सं एकदम ओरडल्या, "वहिनी, वाकू नका! या खोलगट जागी जमिनीतून विषारी वायू येऊन साचतो."

मी बुटाची नाडी बांधायला वाकतच होते, तशीच ताठ झाले. भोवतालची झाडं उभ्या उभ्या वाळली होती.

वन्सं म्हणजे माझी नणंद. डोंगरात पुरलेली यंत्रं तपासायची, जमीन किती कलली ते पाहायचं, यातच त्यांचे केस पिकले. गल्लीतली पोरं त्यांना फुगामावशी म्हणत. "काय मावशी, आज डोंगराचं पोट किती फुगलं?" "तुझ्या बापाच्या पोटापेक्षा कमीच!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या दिवशी मात्र यंत्राचं झाकण लावून त्यांनी वहीतले आकडे पुन्हा जुळवून पाहिले. मग म्हणाल्या, "तो वर येतोय."

तो म्हणजे वितळलेला खडक. भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर सरकतो; वाट नसली तर भेगा पाडत येतो. वर येईल तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो, आतला वायू फेसाळतो आणि मग तो कुणाला आवरत नाही.

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात," मी चाचरत म्हटलं.

"तेव्हा तो मध्येच अडकून थिजला. आता भूकंपाचे धक्के रोज वर वर सरकतायत. जिना चढल्यासारखे."

पायाखाली काहीतरी थरथरलं. मी मनात देवाचं नाव घेतलं.

गावातलं सगळ्यात वरचं, शेवटचं घर सासूबाईंचं. सकाळीच वन्संनी त्यांना खाली चला म्हणून विनवलं होतं. "मागे तुझं ऐकून गेले तर माझ्या कोंबड्या चोरीला गेल्या," सासूबाई फणकारल्या, "त्या आधी आणून दे. मी नाही हलायची."

"घरं सोडायचा हुकूम उद्यापर्यंत निघेल," वन्सं म्हणाल्या, "पण आई आतून कडी लावून बसेल. तिचा विश्वास फक्त तुमच्यावर. तुम्ही खोटं बोलत नाही ना, म्हणून."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"उतरताना तिला सांगा, दादा दवाखान्यात आहे, आईची आठवण काढतोय."

"अहो, हे तर धडधाकट घरी बसलेत!"

"खोटं आहे, म्हणूनच तुम्हाला सांगतेय. ती तुम्हाला देवाची शपथ घालेल." वन्संनी माझा हात घट्ट धरला. "वहिनी, तेवढी शपथ घ्या."