आवाज येतोय का?

पेठ गावात आमचं घर देवळाला चिकटून आहे, मधे फक्त एक भिंत. सप्ताह सुरू झाला की मृदंग आमच्या स्वयंपाकघरातच वाजतोय असं वाटतं. यंदा मंडळाने नवा अँप्लिफायर आणला. त्याला ब्लूटूथ होतं आणि ते कसं चालवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी मला गाठलं. म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या. दोन कार्यक्रमांच्या मधी जरा अभंग लावत जा." मी घरात बसूनच माझा लॅपटॉप त्याला जोडला, भिंतीपलीकडे अभंग सुरू झाला आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी, दुपारी तीन वाजता, त्याच लॅपटॉपवर माझी मुलाखत होती. नाशिकच्या एका माती तपासणी प्रयोगशाळेतली नोकरी, पहिलं वर्ष तिकडेच राहायचं. नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. माझी मुलगी सात वर्षांची, आणि मी गेल्यावर तिला सांभाळणार त्याच. एवढं मोठं काम त्यांच्या गळ्यात टाकायचं आणि साधं विचारायचंही नाही, हे मला कळत होतं. पण भीती वाटायची. आज विचारू, उद्या विचारू करता करता मुलाखतीचा दिवस उजाडला.

त्या वेळी देवळात कार्यक्रम नव्हता. पहाऱ्याचा विणेकरी तेवढा उभा होता आणि सासूबाई देवळामागे बायकांबरोबर भाकरी थापत होत्या. मी दाराला कडी लावून बसले. पडद्यावर तिघं जण दिसले, दोन पुरुष आणि एक बाई. बाईंचे ओठ हलले. आवाज काही आला नाही. मी आवाजाचं बटण दाबलं, मग आणखी दाबलं. चित्र एवढं स्वच्छ की त्यांच्या कानातले खडेसुद्धा दिसत होते, मग आवाजाला काय धाड भरली होती?

तेवढ्यात बाहेर देवळाचा भोंगा दणाणला, "आवाज येतोय का?"

पारावरची माणसं ओरडली, "येतोय, येतोय! जरा बारीक करा राव!"

मला वाटलं, मंडळातलं कुणी भोंगा तपासून बघतंय. मी पुन्हा बटण दाबलं. बाईंचे ओठ हलले आणि क्षणभराने भोंगा आणखी मोठ्याने म्हणाला, "ताई, तुमच्याकडे बाहेर कुणी बोलतंय का?"

बाईंचं तोंड माझ्या पुढ्यात आणि आवाज देवळात! तोवर मी धरून चालले होते की बोलणारा दिसला की त्याचं बोलणंही तिथेच ऐकू येणार. यंत्राला तसं काही वाटत नाही. चित्राची वाट वेगळी, आवाजाची वेगळी, आणि आवाजाला आदल्या खेपेला जिथे पाठवलं तिथे ते पुन्हा आपणहून पाठवतं, हे मला नंतर समजलं. नीट समजलं असं आजही म्हणवत नाही. तेव्हा तर मी पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल त्या खुणेवर टिचक्या मारत सुटले होते. आवाज कमी केला तर प्रश्न मलाच ऐकू येणार नाहीत, लॅपटॉप मिटला तर मुलाखत गेली. मधेच उठून पळत जाऊन अँप्लिफायर बंद करावा तरी तेच. विणेकरीबुवा त्याच्या शेजारीच होते, पण त्यांना त्यातलं एक बटण कळत नव्हतं आणि सप्ताहात वीणा क्षणभरही खाली ठेवायची नसते, त्यामुळे ती सोडून कुणाला बोलवायलाही जाता येत नव्हतं.

मग मी भोंग्यालाच उत्तरं देत बसले. पडद्याकडे बघायचं आणि कान खिडकीकडे. माझं बोलणं नाशिकला जात होतं, गावाला मात्र नुसते प्रश्न ऐकू येत होते. शिक्षण झालं, अनुभव झाला. मग भोंगा म्हणाला, "तुमची मुलगी लहान आहे. वर्षभर तिला कोण सांभाळणार? घरी बोलणं झालंय ना?"

देवळामागची भाकरी थापायची थपथप थांबली.

मी म्हणाले, "हो. माझ्या सासूबाई सांभाळतील. आमचं बोलणं झालंय."

मुलाखत संपली तशी दारावर थाप पडली. सासूबाई. हाताला पीठ तसंच. मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि चूकही माझीच होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही सांभाळाल म्हणून."

"आन मला कवा इचारलंस?"

"नाही विचारलं, आई."

"समद्या गावासंगं मला कळलं. भाकरी थापता थापता."

मला रडूच आलं. चुकलं म्हणाले. त्या खाली बसल्या आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यात डोकावल्या. त्यात आम्ही दोघी अंधुक दिसत होतो.

"तिकडं गेल्यावर पोरीशी ह्याच्यातनंच बोलशील?"

"रोज बोलेन."

"मंग आवाज घरातल्या घरात कसा काढायचा, ते मला आत्ताच दाव," त्या म्हणाल्या आणि पिठाचे हात पदराला पुसून लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "पोर आईसाठी रडली, तर ते गावानं कशाला ऐकायचं?"