काळ्या राजाची आई

पवना धरणाच्या अंगाला प्रदीपचा भाड्यानं द्यायचा बंगला आहे. म्हणजे बापाच्या खाचरात भराव टाकून बांधलेल्या चार खोल्या, निळ्या फरशीचा स्विमिंग पूल आणि मागच्या चुलीपाशी त्याची आई धोंडाबाई, पाहुण्यांना भाकऱ्या थापणारी. पूलमधून डोंगर मोकळा दिसावा, मधून कुणी डोक्यावर भारा घेऊन जाऊ नये, म्हणून त्यानं शेजारच्या शालूबाईच्या शेताची वाट तार ठोकून बंद केली होती. भाताचं रोप लावणीला आलेलं. वाट नाही तर लावणी नाही. तसा प्रदीप माणूस वाईट नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

शनिवारी पुण्याची पोरं पडवीत फासे टाकून खेळायला बसली. जो तो कुणीतरी होतो, योद्धा नाहीतर चेटकीण, आणि लढाई सगळी तोंडानं. खेळ चालवणारी कोमल म्हणाली, "भाऊ, आमचा खलनायक आजारी पडला. तुम्ही होता का?"

प्रदीप काळा राजा झाला. बसल्या बसल्या त्यानं नदी अडवली. शिकवावं लागलं नाही.

शेवटी योद्ध्यांनी त्याच्या मानेवर तलवार ठेवली. कोमलनं विचारलं, "राजा, असं का केलंस?"

"माजी आई उपाशी मेली," प्रदीप म्हणाला. "कुनी घोटभर पानी दिलं न्हाई तिला."

धोंडाबाई भज्यांचं ताट घेऊन दारातच उभी होती. ताट ठेवून ती आत गेली. पोरांचे डोळे भरले. राजाला माफी मिळाली. नदीही त्याच्याकडंच राहिली. जखम भरायला त्याला वेळ हवा, असं ठरलं.

रविवारी सकाळी शालूबाई आली. "परदीप, रोप पिवळं पडाय लागलंय. तार कवा काढतो?"

"बस मावशी. मानूस जन्मताच वाईट नसतो. आतून जखम असती त्याला."

"कुटं?"

"तुज्या मालकांनी ल्हानपनी मला आंब्यावरनं मारलं. तितंच मन काळं पडलं."

"त्या साली झाडाला एक आंबा ठेवला नव्हता तू. बरं, तार?"

"आदी मला समजून तर घे."

मागून धोंडाबाई आली. "शालू, चल. मी बी येते."

"आये, नाष्ट्याचं काय?"

"मेलेलं मानूस चूल पेटवतं व्हय रं?"

तार निघेपर्यंत उठायचं नाही म्हणून दोघी तारेपाशी जाऊन बसल्या. पाहुण्यांनी आधी चहा मागितला, मग पोहे, मग नुसती भाकरी. प्रदीप त्यांना आपलं बालपण सांगू लागला.

"कळतंय भाऊ," कोमल म्हणाली. "पण भूक लागलीये. काढून टाका ना ती तार."

प्रदीपनं पक्कड आणली. मला कुणी समजूनच घेत नाही, असं पुटपुटत त्यानं तार तोडली. शालूबाईनं रोपांचा भारा पूलच्या कडेनं नेला. चिखलाचं पाणी निळ्या फरशीवर ठिबकत गेलं.

"आये, आता तरी चूल?" प्रदीप म्हणाला.

"दुसरा भारा बी जाऊ दे," धोंडाबाई म्हणाली. "मग पेटवते."