माळावरची आमरी आणि सिद्धाप्पामामा

सिद्धाप्पामामा गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. मैंदर्गीहून एसटीनं कॉलेजला येणारी एक मुलगी तास संपल्यावर सहज म्हणाली, "बाई, ते मेंढरंवाले मामा गेले की..." मी फळा पुसत होते, पुसतच राहिले.

आमची ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. बहात्तरचा दुष्काळ सरून जरा बरा पाऊस झाला होता. मी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षेसाठी रोपं मुळासकट वाळवून द्यायची होती. मैंदर्गीच्या मुरमाड माळावर मला जमिनीत उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, सापडली. मातीला चिकटलेलं एकच गोल पान, वर दांडा, त्यावर दोन-तीन पांढरी फुलं. आमरी म्हणजे झाडाच्या खोडावरची, एवढंच मला ठाऊक. ही तर उघड्या गवतात. हरखून मी खुरप्यानं तिथली होती ती सातही रोपं कंदासकट काढली. मान वर केली तर समोर मामा, मागे कळप.

"समद्या काडल्यास व्हय?" ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "दुस्काळात मातीखाली दम धरून बसली हुती. बी उडून जाईस्तवर म्या मेंढरं लांबनं न्हेतो. एक तरी ठिवायची की."

काडीकाडीसाठी मेंढरं माळ पालथा घालत होती, आणि हा माणूस गवताचा चांगला तुकडा तसाच सोडत होता... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोघांनी गुडघ्यावर बसून कंद परत लावले. किती खोल लावायचे ते मला त्यांनीच शिकवलं. परीक्षेला मी नुसतं चित्र दिलं आणि बोलणी खाल्ली.

पुढच्या पावसाळ्यात काहीच उगवलं नाही. मी रडकुंडीला आले. "थांब की," मामा एवढंच म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी चार वर आल्या. आज मुलांना माळावर नेते तेव्हा आम्ही वाकून बघतो, उपटत नाही. हे मला कुठल्या प्राध्यापकानं नाही, मामांनी दिलं. त्यांचे उपकार फार मोठे.

गेल्या रविवारी मी माळावर गेले. आमरी फुलली होती. तेवढ्यात मामांची सून कळप घेऊन आली. तिला ही जागा ठाऊक असेल का? पण मेंढरं तुकड्याच्या कडेला आली आणि बाजूनं वळून पुढे गेली.

"मामा सांगून गेले होते वाटतं?" मी विचारलं.

"काय त्ये?" ती म्हणाली. "मला कुणी काय सांगितलं न्हाय. हितं आली की ती आपली आपण वळत्यात."