अठरा अंशांची खोली

नोला हेबडिच घरात आली की डोक्यावर लोकरी टोपी चढवते. आमचं मटौरा गाव जगाच्या दक्षिण टोकाला, इथे जुलै म्हणजे ऐन थंडी, सगळ्यांचीच नाकं लाल असतात. पण आम्ही टोपी बाहेर जाताना घालतो आणि घरात काढतो, हिचं सगळं उलटं. सकाळी एकदाच किटली लावते, ते पाणी थर्मासमध्ये भरते आणि दिवसभर त्यातलाच चहा पिते. दुपारच्या चहाला चहा म्हणणं मला तरी जमत नाही.

मी रेविन, तिची कुंपणापलीकडची शेजारीण. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि धीर कमी. नोलाशी बोलताना दोन्हींची परीक्षा होते.

तिच्या डोक्यात एकच भूत, आपण ‘लो यूजर’ आहोत. आमच्याकडे विजेचे दोन दर. एकात रोजचा ठरलेला आकार कमी आणि युनिट महाग. हा कमी वीज जाळणाऱ्यांसाठी, म्हणजे लो यूजरांसाठी. दुसऱ्यात रोजचा आकार जास्त आणि युनिट स्वस्त. हा भरल्या घरांसाठी. नवरा आयव्हन गेल्यापासून नोलानं पहिला दर धरला आणि असा मिरवला, जणू सरकारनं तिला पदक दिलंय. लाकडाची शेगडीही तेव्हापासून थंडच आहे. ओंडके कोण फोडणार?

मग सरकारनं ही सवलत हळूहळू काढून घ्यायचं ठरवलं. दर एप्रिलला रोजचा आकार थोडा वाढायला लागला. वीज जाळा नाहीतर अंधारात बसा, तो द्यायचाच. शहाण्या माणसानं दर पुन्हा ताडून बघितले असते. नोलानं काय केलं? एका एप्रिलला न्हाणीघरातला हीटर बंद केला. पुढच्या एप्रिलला बैठकीतला. मग अंघोळीच्या पाण्याची टाकी आठवड्यातून दोनदाच तापायला लागली. बिल वाढायचं ते वाढलंच.

"अगं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय तुझा," मी म्हटलं.

"मग कोंबडी आणखी लहान करते," ती म्हणाली.

हे असंच चाललं असतं. पण टेगनचं बाळ दिवस भरण्याआधीच आलं.

टेगन म्हणजे नोलाची नात. तिची आई तिला नोलाच्या पदरात टाकून ऑस्ट्रेलियाला गेली, ती तिकडचीच झाली. नोलानंच वाढवली पोर. आता टेगन इन्व्हरकार्गिलच्या दवाखान्यात होती, बाळ पेटीत होतं, आणि तिच्या भाड्याच्या घराच्या भिंतींना बुरशी आलेली. दवाखान्यानं सांगितलं की बाळाला घरी सोडू, पण ज्या खोलीत निजणार ती रात्रंदिवस अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. नर्स येऊन घर बघेल. नोलाचं घर पसंत पडलं नाही तर मायलेकरं बाळाच्या बापाच्या आईकडे, तिमारूला. तिकडे गाडीला पाच तास लागतात, आणि नोलाला गाडी येत नाही.

त्या दिवशी ती आपणहून माझ्याकडे आली. तसं कधी होत नाही.

"रेविन, तुझ्या कॉम्प्युटरवर ते दर बघायचेत. सगळ्या कंपन्यांचे."

मी चीज रोल तापवून समोर ठेवले. तिनं एकालाही हात लावला नाही, नुसती ताट धरून बसली, बोटं शेकत. मी एकेक आकडा भरत गेले. हीटर दिवसरात्र चालणार म्हटल्यावर उत्तर सरळ आलं. रोजचा आकार जास्त, युनिट स्वस्त. भरल्या घरांचा दर.

"म्हणजे मी लो यूजर राहणार नाही," ती म्हणाली.

"तुझ्या घरात बाळ येतंय, नोला. भरलं घरच ते."

"आणि ते तिमारूला गेले तर? मी एकटी, आणि रोजचा एवढा आकार डोक्यावर?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "तो खालचा कोणता? फुकट तास लिहिलंय तो."

एक कंपनी रोज एक तास वीज फुकट देत होती. तास आपण निवडायचा. बाकीच्या तेवीस तासांत मात्र युनिट चांगलंच महाग. नोलाचे डोळे तिथेच चिकटले. त्या तासात खोली कडक तापवायची आणि दार घट्ट लावून घ्यायचं, असा तिचा बेत.

"ऊब म्हणजे काय बिस्किटं आहेत, डब्यात भरून ठेवायला?" मी म्हटलं. "तुझ्या खिडक्यांतून वारा शीळ घालत आत येतो."

"खिडक्यांना ब्लँकेट लावीन."

"आणि बाळाला काय लावशील?"

ती उठून गेली. माझं तोंड जरा जास्तच चालतं, हे मला ठाऊक आहे. पण घोळ होणार हे दिसत असताना गप्प बसायचं कसं?

तिनं फुकट तासच घेतला. तोही अकरा ते बारा. आणि नर्सला फोन करून वेळ कुठली दिली, तर साडेअकरा. मी हे ऐकलं आणि डोकं धरून बसले. ही तर विजेच्या दरावर नाटक बसवायला निघाली होती.

सोमवारी नर्स आली. मेरेआना तिचं नाव, अंगानं भरलेली, शांत बाई. मी मुद्दाम तिथे होते. खोलीत दोन हीटर लाल झालेले, खिडकीवर ब्लँकेट, पाळण्यात पांढरी चादर. मेरेआनानं बघितलं, वीस अंश.

"छान ऊब आहे, मिसेस हेबडिच," ती म्हणाली. नोलाचा चेहरा खुलला.

मग मेरेआनानं पिशवीतून दोरी लावलेलं एक छोटं थर्मामीटर काढलं आणि पाळण्याला अडकवलं. "हे इथेच राहू दे. सगळ्यात कमी किती आणि सगळ्यात जास्त किती, ते हे लक्षात ठेवतं. गुरुवारी येऊन बघते."

नोला "हो हो" म्हणाली. बारा वाजले तसे तिनं हीटर बंद केले. सवयीचा हात. मी म्हटलं, चालू ठेव बाई, गुरुवारपर्यंतच तर आहे. ती म्हणाली ठेवते. ठेवले असतील असं मला एक क्षणही वाटलं नाही.

मंगळवारभर माझा जीव टांगणीला. बुधवारी दुपारी मी सुपाचं भांडं घेऊन तिच्याकडे गेले. खोलीत तोंडातून वाफ निघत होती. पाळण्यावर थर्मामीटर नव्हतं. आणि नोलाच्या गळ्यातून, स्वेटराच्या आतून, दोरीचं टोक लोंबत होतं.

आधी मला हसू फुटलं. मग तिचं तोंड बघितलं आणि हसू जिरलं.

"हे काय चाललंय?"

"काल सकाळी बघितलं तर ते सात दाखवत होतं," ती म्हणाली. "मी घाबरले. छातीशी धरलं, तर चढलं. तेव्हापासून खाली ठेवलेलं नाही. निजतानाही नाही."

"दोन हीटर उभे आहेत की गं तिथे. बटण दाब."

"जाते मी बटणापर्यंत. हात पुढे जातो आणि परत येतो, रेविन. मला लाज वाटते, पण येतो परत." ती खाटेच्या कडेला बसली. "टेगन सहा महिन्यांची होती तेव्हा आयव्हनची गिरणी बंद पडली. बिल थकलं आणि वीज कापली गेली. ऐन जुलैत. तो अख्खा हिवाळा मी तिला अशीच स्वेटराच्या आत धरून होते. अशीच जगली ती. विजेवर नाही जगली."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. मी सूप वाढलं, ते आम्ही दोघी प्यायलो.

गुरुवारी मेरेआना आली. थर्मामीटर पाळण्यावर परत लटकत होतं, निरागसपणे. तिनं एक बटण दाबलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

"कमीत कमी सात," ती म्हणाली. "जास्तीत जास्त तेहेतीस."

तेहेतीस अंश आमच्या गावात उन्हाळ्यातही मुश्कील. मेरेआनानं खोली बघितली, ब्लँकेट बघितलं, मग नोलाची टोपी आणि एकावर एक चढवलेले स्वेटर. तिला कळलं. ओरडली नाही, त्याचाच मला जास्त धसका बसला.

"सात कधी झालं? पहिल्या रात्री?"

नोलानं होकारार्थी मान हलवली.

"तुम्ही शेजारच्याच खोलीत निजता ना? तिथे किती असतं?"

"तिथे कधी मोजलं नाही."

"मिसेस हेबडिच, किती हिवाळे असं निजताय तुम्ही?"

हा प्रश्न नोलाला कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. मी फक्त टोमणे मारले होते.

मेरेआना म्हणाली की आज ती हो म्हणू शकत नाही. बाळाला अजून आठवडाभर दवाखान्यात ठेवता येईल. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा बघेल, आणि ते शेवटचं. थर्मामीटरमधले जुने आकडे तिनं पुसले आणि ते पाळण्यावरच ठेवलं.

ती गेल्यावर नोलानं खिडकीवरचं ब्लँकेट सारखं केलं. मग म्हणाली, "तो तुझा भरल्या घरांचा दर. कॉम्प्युटर लाव."

तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. दिवसातून चारदा ती कुंपणाशी येऊन सांगायची, मीटर धावतंय, रेविन. मी म्हणायचे, धावू दे. रात्री मलाच झोप लागेना. हिनं पुन्हा हात मागे घेतला तर? पण गुरुवारी कमीत कमी निघाले अठरा. मेरेआनानं दोनदा बघितलं आणि कागदावर सही केली.

शनिवारी टेगन बाळाला घेऊन आली. संध्याकाळी मी चीज रोल घेऊन गेले, तर खोलीचं दार बंद. आत टेगन आणि बाळ गाढ झोपलेले. आणि नोला बाहेर बोळात, लाकडी खुर्चीवर, टोपी घालून, हात काखेत दाबून बसलेली. बोळात कडाक्याची थंडी.

"इथे काय करतेस?"

"आत त्यांची ऊब आहे," ती कुजबुजली. "मी कशाला वापरू?"

माझं डोकं फिरणार होतं. पण या खेपेला मी आवाज खाली ठेवला. "नोला, आत एक बसो की तीन, मीटर तेवढंच पळतं. उलट माणसाच्या अंगाची ऊब असते, ती खोलीला मिळते. तू आत बसलीस तर हीटरला तेवढंच कमी काम. आणि तुझं काही बिल येत नाही."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "फुकट?"

"अगदी फुकट. चोवीस तास."

नोला उठली, आत गेली आणि पाळण्याला खेटून बसली. थोड्या वेळानं तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.